शैक्षणिक कर्जाला सातबारा लागतोच का?

मुलांना कॉलेजात शिकवायचे तर जमीन नाहीतर घर गहाण टाकावेच लागते, हा समज गावोगावी इतका मुरला आहे की अनेक पालक बँकेत जाताना सातबाऱ्याचा उतारा पिशवीत घालूनच निघतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारणही लागत नाही आणि त्रयस्थ जामीनदारही लागत नाही. पालकांनी सहकर्जदार म्हणून सही करायची असते, आणि बहुधा या सहीलाच लोक गहाणखत समजून बसतात. केंद्राच्या पतहमी निधीमुळे (कर्ज थकल्यास बँकेला भरपाईची हमी देणारा निधी) पात्र कर्जांना हीच सवलत ७.५ लाखांपर्यंत मिळू शकते. त्यापुढे एरवी तारण मागितले जाते, हे खरे; मात्र २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तेही लागत नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याजाचे मीटर पहिल्या उचलीपासूनच चालू असते, आणि ही गोष्ट काउंटरवर सहसा कोणी आपणहून सांगत नाही. जमल्यास शिक्षण चालू असतानाच ते व्याज भरत जावे. नाहीतर ते मुद्दलात मिळवूनच पुढचा हप्ता ठरतो.