स्लीव्ह व्हॉल्व्ह इंजिन: आत काय चालतं आणि सांभाळायचं कसं

तुमच्या जुन्या गाडीत स्लीव्ह व्हॉल्व्ह इंजिन असेल तर बॉनेट उघडायच्या आधी हे वाचून घ्या, कारण नेहमीच्या इंजिनाचे बरेच नियम इथे लागू पडत नाहीत आणि चांगलं चालणारं इंजिन लोक उगाच खोलून बसतात.

आधी नेहमीचं इंजिन बघू. त्यात पॉपेट व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी वाट उघड-बंद करणारी लांब दांडीची चकती. कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, तिला ढकलून उघडतो, स्प्रिंग परत सीटवर बसवते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर फोर-स्ट्रोकमधे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून बंद होतो. फेरे फारच वाढले की स्प्रिंगला तो वेग झेपत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि काही इंजिनांत पिस्टन वर येऊन त्याला धडकतो. शिवाय एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची चकती प्रचंड तापते, ती कंबशन चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल जळतं त्या जागेच्या आतच असते त्यामुळे नॉकिंग (पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकणं) लवकर सुरू होतं आणि मग कम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी ठेवावं लागतं.

स्लीव्ह व्हॉल्व्हमधे या चकत्याच नाहीत. पिस्टन आणि सिलेंडरच्या मधे एक पातळ नळी असते तीच स्लीव्ह, तिच्या भिंतीत खिडक्या म्हणजे पोर्ट कापलेले असतात आणि सिलेंडरच्या भिंतीतही असतात, दोन्ही समोरासमोर आले की रस्ता उघडतो, सरकले की बंद. नेहमीच्या सिलेंडरचं आतलं अस्तर, म्हणजे लायनर, इंजिनाच्या ब्लॉकमधे घट्ट बसलेला असतो, ही स्लीव्ह मात्र इंजिन चालू असेपर्यंत हलतच असते. स्प्रिंग नाही, आपटणं नाही, सगळं सरकतं सरकतं होतं.

यात दोन प्रकार आहेत. अमेरिकेच्या चार्ल्स येल नाइटच्या डिझाइनमधे एकात एक अशा दोन स्लीव्ह असतात, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरणारा एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे मधोमध नसलेल्या चकत्यांचा दांडा, छोट्या रॉडनी त्यांना वर-खाली करतो. ब्रिटनच्या डेमलरने १९०९ पासून हीच इंजिनं बसवली आणि अमेरिकेत विलिस-नाइट गाड्या १९३३ पर्यंत निघत होत्या. दुसरा प्रकार बर्ट-मॅककॉलमचा, त्यात एकच स्लीव्ह, ती वर-खाली जाता जाता थोडी डावी-उजवीकडे वळतेही. आम्हाला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो आणि त्याला कारण आहे. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो आणि नेमकी तिथेच नेहमीच्या सिलेंडरमधे तेलाची फिल्म (पातळ थर) तुटते, झीज होते. इथे पिस्टन थांबला तरी स्लीव्ह वळत असते म्हणून फिल्म टिकते. ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीने हाच प्रकार विमानाच्या इंजिनांत नेला, १४ सिलेंडरचं ३८.७ लिटरचं हर्क्युलिस त्यातलंच, नेपियर सेबर हे विमानाचं इंजिनही स्लीव्हवालंच.

स्पार्क प्लग बरोबर मधोमध, तापलेली चकती नाही, त्यामुळे त्याच पेट्रोलवर कम्प्रेशन जास्त ठेवता यायचं. मग हे मागे का पडलं? पेट्रोलचं ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची क्षमता) वाढलं, आत सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आले, फायदा कमी झाला. स्लीव्ह बनवायला महाग, ती जरा जरी वाकडी झाली तरी इंजिन जाम, आणि तेल पितं ते वेगळंच.

तेलाबद्दल नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. नाइट इंजिनात दोन्ही स्लीव्हना तेल लागतंच आणि त्यातलं थोडं जळतं, त्यामुळे मागून हलका निळा धूर येणं हा बिघाड नाही. त्यासाठी पिस्टन रिंग बदलायला किंवा व्हॉल्व्ह ग्राइंडिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं) करायला सांगू नका, ग्राइंड करायला यात व्हॉल्व्ह नाहीच. धूर अचानक वाढला किंवा कम्प्रेशन पडलं तर मात्र गाडी आमच्या गॅरेजमधे आणा, हेडला (सिलेंडरच्या वरच्या झाकणाला) स्लीव्हच्या आत बसणाऱ्या रिंग असतात त्या आधी तपासू. तेलाची लेव्हल नेहमी बघत जा, यात हयगय अजिबात नको.

थंड इंजिन सुरू केल्या केल्या ॲक्सिलरेटर दाबू नका. तेल घट्ट असतं, स्लीव्ह जड चालते आणि सगळा जोर तिला हलवणाऱ्या छोट्या रॉडवर आणि स्लीव्हच्या खालच्या कानावर (रॉड जोडलेला असतो त्या भागावर) येतो, ते तुटलं तर दुरुस्ती मोठी आहे. बरेच महिने बंद असलेलं इंजिन तर स्टार्टरने फिरवूच नका! प्लग काढून त्या भोकातून थोडं तेल सोडा, मुरू द्या, मग हँडलने हळूहळू फिरवून बघा, अडकलं तर जोर न लावता तिथेच थांबा आणि आम्हाला कळवा.

इंजिन आधीच खोललं असेल तर कुठली स्लीव्ह कुठल्या सिलेंडरची आणि कुठल्या बाजूला तोंड करून होती याची चिठ्ठी बांधून आणा, रॉडही त्या त्या स्लीव्हबरोबरच ठेवा, आणि पोर्टच्या कडांवरचा कार्बन खरवडू नका, तो आम्ही काढू.