रोमन कादंबऱ्यांमागचं इंग्लंडमधलं भांडण

मस्तवाल रोमन सम्राट, सिंहांच्या तोंडी दिलेले ख्रिस्ती, भुयारांतल्या चोरट्या प्रार्थना हे सगळं आपल्याला ‘बेन-हर’ (१८८०) आणि ‘क्वो वादिस’ (१८९६) या कादंबऱ्यांमुळे, खरं तर त्यांवरच्या चित्रपटांमुळे, ओळखीचं झालं. पण या कादंबरीप्रकाराला धार चढली ती त्याआधी, १८५०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये. तिथे खरा डोळा प्राचीन रोमवर नव्हताच, तो तेव्हाच्या पोपच्या रोमवर होता.

१८५० साली पोप नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची रीतसर व्यवस्था पुन्हा उभी केली आणि निकोलस वाइझमन यांना कार्डिनल व वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप नेमलं. प्रॉटेस्टंट इंग्लंड खवळलं. जॉन हेन्री न्यूमन यांच्यासारखा नामांकित अँग्लिकन (म्हणजे पोपपासून फुटलेल्या इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा) धर्मगुरू १८४५मध्ये कॅथलिक झाला होता, त्याचा सल होताच.

चार्ल्स किंग्जली हे अँग्लिकन पाद्री. मठ आणि ब्रह्मचर्य यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. ‘हायपेशिया’साठी (१८५३) त्यांनी विषय निवडला तो इ.स. ४१५मध्ये अलेक्झांड्रियात ख्रिस्ती जमावाने मारलेल्या हायपेशिया या विदुषीचा. ती तेव्हा बहुधा प्रौढ होती. किंग्जलींनी तिला पंचविशीची सुंदरी केलं. तिथले बिशप सिरिल आणि त्यांच्या पिसाट साधूंमध्ये वाचकाला शेजारचे कॅथलिक दिसावेत, हा हेतू त्यांनी झाकलाही नाही. ‘जुन्या चेहऱ्याचे नवे शत्रू’ असं उपशीर्षकच दिलं.

वाइझमननी पुढच्याच वर्षी ‘फॅबिओला’ लिहून उत्तर दिलं. रोममधल्या इंग्लिश कॉलेजचे ते अनेक वर्षं प्रमुख होते, त्यामुळे तिथली भुयारी दफनस्थळं त्यांच्या चांगल्या परिचयाची. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळातला ख्रिस्ती लोकांचा छळ त्यांनी रंगवला खरा, पण पात्रं फारच पुण्यवान. मधूनमधून प्रवचनच चालू आहे असं वाटतं. न्यूमन यांची ‘कॅलिस्टा’ (१८५५) मला या तिघींत सरस वाटते. तिसऱ्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेतली ही ग्रीक मुलगी देवमूर्ती घडवते. ख्रिस्ती असल्याच्या संशयावरून तिला पकडतात. ती म्हणते, मी ख्रिस्ती नाही, आणि तरीही देवांपुढे धूप जाळायला नकार देते. ही मधली अवस्था न्यूमनना अनुभवाने ठाऊक होती.

वाद कादंबऱ्यांत मिटला नाही. १८६४मध्ये किंग्जलींनी एका मासिकात थेट न्यूमनचं नाव घेऊन, कॅथलिक धर्मगुरूंना सत्याची चाड नसते, असा आरोप केला. न्यूमननी त्याच वर्षी, या वेळी कादंबरी बाजूला ठेवून, आपल्या धर्मांतराची कहाणी आत्मचरित्रातून क्रमशः छापली.