दोरा स्टँड (कोन स्टँड, रीळ स्टँड)

शिलाई मशीन, ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारं मशीन) किंवा एम्ब्रॉयडरी मशीनच्या मागे-बाजूला उभं राहणारं, कोन (शंकूच्या आकाराचं दोऱ्याचं मोठं बंडल) नाहीतर मोठं रीळ अडकवायचं साधन. जड बूड, कोन बसवायची सळई आणि कोनच्या बरोब्बर डोक्यावर येणारी कडी, भाग एवढेच. घरगुती मशीनला सुटा एक-दोन कोनचा पुरतो, कारखान्यातल्या मशीनला टेबलात भोक पाडून नटाने आवळलेला असतो, ओव्हरलॉकला तीन, चार किंवा पाच दोऱ्यांचा. बऱ्याच जणांना वाटतं की स्टँड म्हणजे मशीनच्या पिनवर न मावणारा कोन ठेवायची सोय, पण ठेवायला काय, काहीही चालतं, खरं काम वरची कडी करते.

उगम : याबद्दल दोन मतं दिसतात. एक मत असं की शिवणकामाच्या टेबलावर रिळं खोचून ठेवायचे जे शोभेचे लाकडी-पितळी स्टँड एकोणिसाव्या शतकात युरोपात होते, त्यांचाच हा मोठा भाऊ. दुसरं मत कापड गिरणीकडे बोट दाखवतं, तिथे ताणा (कापडाचे उभे धागे) करताना शेकडो कोन ज्या चौकटीवर लावतात त्या क्रीलवरून ही कल्पना शिवण-कारखान्यात आली असावी. दुसरं जास्त पटतं. कारण शोभेच्या स्टँडवर रीळ नुसतं साठवलेलं असायचं, किंवा दोरा काढताना रीळ स्वतः फिरायचं, आणि क्रीलवर कोन जागचा हलत नाही, दोरा टोकावरून वर निघतो, जे आजच्या स्टँडचं मूळ तत्त्व आहे. शिवाय सुरुवातीच्या मशीनला स्टँडची गरजच नव्हती. इलायस हाउचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं, आणि तेव्हाचा दोरा लाकडी रिळावर यायचा (स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत दोरा बनवणारी क्लार्क मंडळी रिकामं रीळ परत केलं की अर्धा पेनी परत द्यायची असं सांगतात), उभ्या पिनवर ते रीळ गरागरा फिरायचं आणि काम भागायचं. ओव्हरलॉक मशीनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी आली, त्यांना एकाच वेळी अनेक दोरे आणि दोरा खायची भूक मोठी, त्यामुळे कोन आणि त्याबरोबर स्टँड साधारण त्याच काळात रुळला असावा.

पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने (१९०९) बायकांना शिवणकाम शिकवलं ते लाकडी रिळाच्याच काळात. नंतर घरोघरी पाय मशीन आलं तरी रीळच राहिलं.

दोरा सुटतो कसा : इथे थोडं थांबायला हवं. रिळावर दोरा दोन तऱ्हांनी गुंडाळलेला असतो, एकावर एक सरळ वेढे, किंवा तिरपा, फुल्या-फुल्यांचा. सरळ वेढ्यांचं रीळ बाजूने सुटावं, म्हणजे रीळ फिरावं. तिरप्या गुंडाळीचा दोरा टोकावरून वर निघावा, रीळ स्थिर. कोन कायम तिरपा गुंडाळलेला असतो आणि जडही असतो, ४० नंबरचा एम्ब्रॉयडरी दोरा म्हणजे ४० किलोमीटरला एक किलो, तेव्हा ५००० मीटरच्या कोनमध्ये नुसता दोराच १२५ ग्रॅम. हे ओझं सुईच्या झटक्याने फिरवत बसलं तर सुरू होताना टेन्शन (दोऱ्याचा ताण) वाढतं आणि मशीन थांबलं तरी कोन फिरत राहून दोरा ढिला पडतो.

पण टोकावरून काढण्याचीही किंमत आहे. प्रत्येक वेढा सुटताना दोऱ्यात एक पीळ जास्तीचा पडतो (किंवा उलगडतो, गुंडाळीच्या दिशेप्रमाणे). गिफ्ट पॅकिंगच्या रिबिनीचं बंडल उभं धरून वरून ओढा, पट्टी वळत-वळतच येते. दोन सेंटिमीटर जाडीच्या रिळाचा वेढा सहा-सव्वासहा सेंटिमीटरचा, म्हणजे मीटरला सोळाएक पीळ, आणि सहा सेंटिमीटरच्या कोनला मीटरला पाचच. साध्या पॉलिस्टर दोऱ्यात मुळातच मीटरला शेकडो पीळ असल्यामुळे त्याला फरक पडत नाही. जरीसारख्या चपट्या चमकीच्या दोऱ्याला मात्र पडतो, पट्टी मुरडते, जागोजागी वेटोळी पडतात आणि सुईच्या नाकाशी येऊन तुटते. म्हणून काही जण सांगतात चमकीचा दोरा स्टँडवर लांब ठेवा, अंतरात मुरड निवळते, तर काही सांगतात आडव्या पिनवर बाजूने सोडा. गाभ्यावर पत्रा गुंडाळलेल्या दोऱ्याला पहिला उपाय लागू पडतो, निव्वळ पट्टीला दुसराच बरा.

कडीची उंची बुडापासून कोनच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट धरतात, आणि ती सळईच्या ओळंब्यात हवी. बुटकी असली तर दोरा कोनच्या खांद्याला घासतो, वाकडी असली तर एका बाजूला सैल नि दुसऱ्या बाजूला ताठ निघतो, मग माणूस उगाच टेन्शनची चकती पिळत बसतो. घरगुती ओव्हरलॉकच्या मागचा, कड्या असलेला सरकता दांडा अर्धाच वर ओढलेला असणं हे फारच कॉमन, तो खट् आवाज येईपर्यंत ओढायचा असतो. रेयॉनसारखा गुळगुळीत दोरा घसरून बुडाशी साचतो आणि सळईला वेढे घेतो, त्याला कोनवर जाळी चढवतात किंवा खाली स्पंजची चकती घालतात.

अनेक सुयांच्या एम्ब्रॉयडरी मशीनला मागे पूर्ण फळीच असते, बारा सुयांचं एक हेड (शिवणारं डोकं) आणि अशी वीस हेड म्हटलं की २४० कोन.

पुण्यात : रविवार पेठेत शिवणसामानाच्या दुकानांत तयार स्टँड मिळतो, आणि जुगाडही भरपूर आहेत, स्टीलच्या पेल्यात कोन आणि मशीनच्या मागे चिकटपट्टीने लावलेली सेफ्टी पिन हा सगळ्यात स्वस्त. चालतो, फक्त पेला रुंद असला तर कोन आत नाचतो. पिको-फॉलवाल्यांकडे बहुधा स्टँड दिसतच नाही, साडीगणिक रंग बदलायचा म्हणून भिंतीच्या फळीवर खिळे ठोकून रिळं रंगवार लावलेली, हवं ते काढायचं नि मशीनच्या पिनवर टाकायचं. ब्लाउजवर मशीन एम्ब्रॉयडरी करणारे मात्र स्टँडशिवाय बसत नाहीत. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी पॉलिस्टर दोऱ्यात स्टॅटिक येऊन तो जवळच्या कशालाही चिकटतो, त्यात डोक्यावर पंखा फुल, मग कडी आणि मशीन यांच्यामधला मोकळा दोरा उडून शेजारच्या कोनला मिठी मारतो. स्टँड पंख्याच्या झोतातून हलवणं एवढाच त्यावर इलाज.

देखभाल म्हणाल तर जवळजवळ नाही. वापरात नसलेल्या कोनवर कापड टाकावं, धुळीने दोरा खरखरीत होतो आणि उन्हाने रंग उडतो. जुन्या लोखंडी कडीत दोऱ्याने घासून-घासून चरा पडतो, डोळ्याला दिसत नाही पण जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा कडीतून फिरवला की अडकतो तिथेच चरा. बारीक पॉलिश पेपरने घासून बघावं, नाही गेला तर कडी बदलावी.