राजाला जमलं, आपल्या बाळाला का नाही? अमेरिकेतला जन्म आणि भारतीय पासपोर्ट

थायलंडचे राजे भूमिबोल यांचा जन्म 5 डिसेंबर 1927 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. वडील राजपुत्र खरे, पण तिथे हार्वर्डला वैद्यकी शिकत होते, वकिलातीत नव्हते. अमेरिकी नागरिकत्वाची सगळी पात्रता इथे ठरते. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याचं मूल तिथे जन्मलं तरी अमेरिकी नागरिक होत नाही, विद्यार्थ्याचं होतं. अर्ज नाही, शपथ नाही. राजपद सोडण्याची अटसुद्धा शपथ घेऊन नागरिक होणाऱ्यांनाच आहे. 1946 मध्ये ते गादीवर आले तेव्हाच्या कायद्याने परक्या देशाचं पद घेतल्यामुळे नागरिकत्व जाऊ शकत होतं. आज ते सोडण्याचा इरादाही दिसावा लागतो.

20 जानेवारी 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांचा हा हक्क काढू पाहिला, त्यात विद्यार्थीही आले, आणि प्रकरण कोर्टात गेलं. बाळ त्यानंतरचं असेल तर सद्यस्थिती आधी तपासा.

आपल्या लोकांचं घोडं मात्र भारताच्या बाजूला अडतं. ‘दोन्ही पासपोर्ट काढून ठेवू’ हे डोक्यातून काढा. आई किंवा वडील भारतीय नागरिक असले तरी परदेशातल्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत जन्मापासून एका वर्षात करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लेखी द्यावं लागतं. इथेच बहुतेक जण फसतात: आजी-आजोबांना बाळ दाखवायच्या घाईत अमेरिकी पासपोर्ट आधीच काढलेला असतो. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

अमेरिकी पासपोर्ट काढलाच असेल तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड. ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्यात विशेष काही नाही. कागदांचं बघा. हॉस्पिटलने दिलेला बाळाच्या पावलांच्या ठशांचा सुंदर कागद म्हणजे जन्मदाखला नव्हे, तो फ्रेम करून भिंतीवर लावा. आई-वडिलांची नावं असलेला सरकारी दाखलाच लागतो. आणि आईचं नाव! दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. मग तीच बाई दोन बायका ठरते. विवाह प्रमाणपत्र जोडा, पहिलं नाव बदललं असेल तर त्याचाही पुरावा. नंतर पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा हे बरं.

ज्यांनी वेळेत नोंद करून भारतीय पासपोर्ट घेतला, त्यांनी 18 वर्षं पूर्ण होण्याची तारीख लिहून ठेवावी. त्यानंतर सहा महिन्यांत अमेरिकी नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व संपतं. कोणी कळवेल या भरवशावर राहू नका.