गयाश्राद्ध

बिहारमधील गया येथे, फल्गू नदीच्या परिसरात, पूर्वजांच्या सद्गतीसाठी करावयाचे पिंडदान. बहुतेक श्राद्धे तिथीशी बांधलेली असतात. गयेस मात्र कोणत्याही काळी पिंड द्यावा, असे वचन आहे. तरीही सर्वाधिक यात्रेकरू येतात ते पितृपक्षात.

गरुडपुराणाच्या प्रेतकल्पानुसार देहदहनानंतर जीव लगेच पितर होत नाही. आधी तो निराधार प्रेत असतो. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांनी त्याचा यातनादेह एकेका अवयवाने घडतो, मस्तकापासून सुरुवात होऊन दहाव्या पिंडाने तहानभूक लागते. मग वैतरणी आणि सोळा नगरे ओलांडत यमपुरीची वर्षभराची वाट. मासिक श्राद्धे ही या वाटेवरची शिदोरी. सपिंडीकरणात प्रेताचा पिंड आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळला, की त्याची गणना पितरांत होते. वर्षाअखेरीस सांगितलेला हा विधी आता बहुधा बाराव्या दिवशीच करतात. महाराष्ट्रात दहा दिवस अश्मा, म्हणजे जीवखडा, मृताच्या जागी पुजतात. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तर कसली इच्छा राहिली असेल हे आठवून आप्त ‘तुमचं सगळं आम्ही पाहू’ असे सांगतात.

एवढे होऊनही कोणी वाटेत अडकला असेल, तर त्याच्यासाठी गया. वायुपुराणातील गयामाहात्म्यात गयासुराची कथा येते. देवांनी यज्ञासाठी त्याचे शरीर मागितले, विष्णूने त्यावर पाय ठेवून त्याला स्थिर केले आणि येथे पिंड देणाऱ्याचे पितर तरतील, असा वर गयासुराने मिळवला. त्या पावलाची खूण मानलेल्या शिळेवरचे सध्याचे विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1787 मध्ये उभारले.

फल्गू, विष्णुपद व अक्षयवट ही मुख्य स्थाने. अपमृत्यू आलेल्यांसाठी प्रेतशिला ही टेकडी. पिंड भाताचा, पिठाचा वा सातूचा, शमीच्या पानाएवढा असला तरी चालतो. अक्षयवटाखाली गयावळ, म्हणजे गयेचे तीर्थपुरोहित, ‘सुफल’ म्हणतात, तेव्हा यात्रा पूर्ण होते. सीतेच्या शापाने फल्गू वाळूखालून वाहते, अशी श्रद्धा आहे. कोरड्या पात्रात खड्डा खणून पाणी घेत. 2022 मध्ये विष्णुपदाजवळ रबरी धरण बांधून पात्रात पाणी अडवण्यात आले.

या साऱ्यात मातृषोडशी सर्वांत हृदयस्पर्शी आहे. आईसाठी सोळा पिंड देताना गर्भभार, प्रसूतिवेदना, रात्रींची जागरणे असे तिचे एकेक कष्ट उच्चारले जातात. पिंडदानाचे मंत्रही वंशापुरते थांबत नाहीत: गुरू, सासरे, बांधव, ‘लुप्तपिंड’ म्हणजे ज्यांना पिंड द्यायला कोणी उरले नाही असे, आणि ‘आमगर्भ’ म्हणजे गर्भातच गेलेले जीव, सर्वांना त्यांत वाटा आहे. शास्त्रातली ही उदारता गयेच्या महतीचा खरा गाभा वाटते.

प्रयाग, काशी व गया मिळून त्रिस्थळी. मूळ पैठणच्या घराण्यातील, काशीतील पंडित नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ ग्रंथात या यात्रेचे विधी मांडले. मराठी घरांत काशीयात्रेहून परतल्यावर गंगापूजन करून मावंदे, म्हणजे यात्रेच्या सांगतेचे भोजन, घालतात.

मागे कोणी नसलेला माणूस गयेत जिवंतपणी स्वतःचाही पिंड देऊ शकतो. तो तिळांशिवाय, भस्मकूट टेकडीवरील जनार्दनाच्या हाती ठेवायचा असतो.