लॉक सोडणं, तोडणं, चोरणं : पार्श्वभूमी

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात मे महिन्यातल्या दुपारी कुणी जागेवरून उठत नाही. उठला तर पलीकडच्या टेबलाशी जाऊन विचारतो, "काऊन बे, ड्रॉइंग अजून धरूनच बसला का? सोड नं." सोड म्हणजे फाइलवरचं लॉक काढ, दुसऱ्याला ती बदलू दे. या 'सोड'चा अर्थ गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बराच बदलला आहे.

फायलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालींपैकी (व्हर्जन कंट्रोल) एससीसीएस १९७२ सालची. एकाने संपादनासाठी फाइल घेतली की बाकीच्यांनी थांबायचं. विचार बदलला तर 'अनगेट' करायचं. १९८२च्या आरसीएसमध्ये दुसऱ्याचं लॉक काढता यायचं, पण त्याची रीत ठरलेली होती. प्रोग्राम आधी विचारायचा, का तोडताय? कारण टाइप करायचं, शेवटी एकट्या ओळीवर टिंब द्यायचं, की ते कारण लॉकधारकाला मेलने जायचं. पुढे सीव्हीएसने लॉकच बाजूला ठेवलं : सगळ्यांनी एकदम काम करा, मग मर्ज करा, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र करा. कोडला ते चाललं, पण कॅड ड्रॉइंग आणि फोटोशॉपच्या फायली काही मर्ज होत नाहीत.

म्हणून पुढच्या सबव्हर्जन या प्रणालीला लॉककडे मागे यावं लागलं. फेब्रुवारी २००४च्या १.० आवृत्तीत लॉक नव्हतं, ते मे २००५च्या १.२मध्ये आलं. सोबत शब्दाचा गोंधळही आला, कारण या एकाच प्रणालीत 'लॉक' तीन गोष्टींना म्हणतात. एक, माणसाने फाइलवर लावलेलं. दुसरं, वर्किंग कॉपीतलं, म्हणजे आपल्या संगणकावरच्या प्रतीतलं, अंतर्गत लॉक. तिसरं डेटाबेसचं, ते आपल्याला सहसा दिसत नाही. नवा मुलगा 'वर्किंग कॉपी लॉक्ड' वाचून अर्धा तास सगळ्यांना विचारत फिरतो, कोणी लॉक केलं? कोणीच नाही. मधेच बंद पडलेल्या अपडेटचं ते उरलेलं लॉक असतं, 'क्लीनअप' केलं की जातं. स्टेटसमध्ये ते 'एल' दिसतं. आपण स्वतः लावलेलं 'के' दिसतं.

माणसाचं लॉक जाण्याच्याही तीन वाटा आहेत. आपलं आपण काढणं म्हणजे सोडणं. दुसऱ्याचं 'फोर्स' लावून काढणं म्हणजे तोडणं. आणि ते काढून त्याच दमात स्वतःच्या नावावर करणं म्हणजे चोरणं. हा शब्द अधिकृत आहे, आमचा नाही. खरा वाद तोडण्याचा. मूळ सेटिंगमध्ये ते कुणालाही करता येतं. निर्मात्यांची भूमिका अशी की लॉक हे मुख्यतः एकमेकांना कळवण्याचं साधन आहे, पोलादी कुलूप नव्हे. कडक नियम हवा असेल त्याने सर्व्हरवर 'प्री-अनलॉक' हुक, म्हणजे लॉक काढण्याआधी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहावा. रजेवर गेलेल्या माणसापायी काम अडू नये हेही खरं. तरीपण ज्याचं लॉक तुटलं त्याला आपोआप काहीच कळू नये, हे मला आजही पटत नाही. त्याला कळतं ते कमिट, म्हणजे बदल सर्व्हरवर जमा करणं, नाकारलं गेल्यावर.

लॉक माणसाइतकंच वर्किंग कॉपीलाही बांधलेलं असतं, कारण टोकन, म्हणजे लॉकची ओळखखूण, तिथेच साठतं. ऑफिसात लावलेलं लॉक घरच्या लॅपटॉपवर 'ओ' दिसतं, म्हणजे परक्याचं, आणि आपलंच नाव असूनही कमिट होत नाही. कमिट केल्यावर त्या फोल्डरातली आपली सगळी लॉक सुटतात, न बदललेल्या फायलींचीसुद्धा. लोकांनी विनाकारण धरून बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. नको असेल तर 'नो-अनलॉक' लिहायचं.

गिट या दुसऱ्या प्रणालीत मुळात मध्यवर्ती जागाच नाही, मग लॉक ठेवणार कुठे? 'इंडेक्स डॉट लॉक' ही तिथली फाइल पुन्हा वेगळ्याच अर्थाची आहे. मोठ्या फायलींसाठीच्या एलएफएस या गिटच्या जोडणीत २०१७च्या २.० आवृत्तीत लॉक आलं, पण पुश केल्याने, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवल्याने, ते सुटत नाही, हाताने सोडावं लागतं. सबव्हर्जनची सवय असलेले इथेच फसतात.

आमच्याकडे ड्रॉइंग अजून सबव्हर्जनवर आहेत. लॉक निघाल्यावर चालणाऱ्या 'पोस्ट-अनलॉक' हुकमध्ये मेल बसवलाय, त्यात फाइलचं आणि तोडणाऱ्याचं नाव येतं. तोडण्याचं कारण मात्र येत नाही, कारण लॉक लावताना शेरा लिहिता येतो, तोडताना त्याला जागाच नाही. ते विचारायला अजून पलीकडच्या टेबलापर्यंत जावं लागतं.