बांधावर आंबा लावला की बांध टिकतो

परवा नाशिकच्या मेन रोडवर कढई दाखवताना दुकानदार म्हणाला, "नॅनो कोटिंग आहे ताई, कितीही तापवा, काही होत नाही." 'नॅनो' म्हटलं की हल्ली काहीही खपतं, पाण्याच्या बाटलीपासून ऊर्जा देणाऱ्या अंगठीपर्यंत. कढईवरचा तो थर बहुधा धातूचा नव्हताच. पण धातूचे कण खरोखरच नॅनो आकाराचे असले, तर उष्णता हीच त्यांची दुखरी नस असते.

आपल्या भांडी बाजाराला माल पुरवणारे तांबट उष्णतेची ही करामत पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. ठोकून तांबं कडक झालं की ते भट्टीत लाल करायचं; आत नवे, नरम कण तयार होतात आणि पत्रा पुन्हा ठोकायला मऊ. कोणताही धातू असा असंख्य स्फटिक कणांचा बनलेला असतो. कण जितके बारीक, तितक्या त्यांच्यातल्या सीमा जास्त आणि धातू तितका कडक, हे हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) या शास्त्रज्ञांनी दाखवलं. मग कण २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) करून टाकू! करता येतात, पण टिकत नाहीत. शुद्ध तांब्याचे असे कण कधी कधी साध्या खोलीच्या तापमानालाच फुगतात.

का? कणसीमा म्हणजे शेताचा बांध समजा. बांधाखालची जमीन वाया जाते. वावरं इवलीशी असतील तर बांधच बांध! सीमा एक नॅनोमीटर जाड धरली, तर २० नॅनोमीटरच्या कणांत जवळपास सातवा हिस्सा अणू सीमेवरच असतात, अवघडून, जास्त ऊर्जा घेऊन. उष्णता मिळाली की ते हलतात, मोठं वावर शेजारच्याचा बांध कोरत जातं आणि लहान वावर नाहीसं होतं.

यावर एक उपाय म्हणजे बांधावर धोंडे टाकणं, म्हणजे सूक्ष्म कणांनी सीमा अडवून धरणं. त्याने कोरणं लांबतं, हाव तशीच राहते. दुसरा उपाय मला फार आवडतो: बांधावर आंबा लावायचा. बांधच उत्पन्न द्यायला लागला तर तो कोण मोडेल? निकेलमध्ये टंगस्टन मिसळलं की त्याचे मोठे अणू स्फटिकाच्या घट्ट रांगांत नीट मावत नाहीत, ऐसपैस सीमेवर जाऊन बसतात आणि सीमेची ऊर्जा उतरते. सीमा पुसण्यातला फायदाच आटतो. अर्थात तापमान वाढलं की एन्ट्रॉपी, म्हणजे विखुरण्याची नैसर्गिक ओढ, त्याच अणूंना पुन्हा आत पांगवू बघते; म्हणून सीमेवर बसण्यातला ऊर्जेचा लाभ घसघशीत हवा, आणि तो दोन धातूंनी वेगळं संयुग बनवण्यातल्या लाभावरही मात करणारा हवा. नाहीतर सगळं सोडून Ni₄W म्हणजे चार निकेलला एक टंगस्टन असं संयुगच तयार होतं.

हा हिशेब मांडून अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या क्रिस्तोफर शू यांच्या गटाने २०१२ मध्ये टंगस्टन-टायटॅनियमची जोडी निवडली. ११०० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवूनही कण २० नॅनोमीटरच्या आसपासच राहिले.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या प्लेटिंगवाल्यांना यातलं निकेल-टंगस्टन जवळचं. हार्ड क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या कडक मुलाम्याच्या, टाकीतलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असतं, त्याला हा एक पर्याय आहे. आणि हा मुलामा बेताने तापवला तर मऊ पडण्याऐवजी थोडा अधिकच कडक होतो, कारण कण न वाढताच सीमेवरचे विस्कटलेले अणू नीट बसतात. भट्टीतून काढलेला पत्रा आधीपेक्षा कडक निघाला, तर तांबट तो बहुधा उलटसुलट करून बघेल आणि पुन्हा भट्टीत घालेल.